कॅमेऱ्याचं कपाळ

कळंबच्या स्थळाकडून निरोप आला, की मुलीचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवू नका. मोबाईलमध्ये हल्ली सगळ्याच पोरी गोऱ्या निघतात. नॅचरल फोटो पाठवा.

निरोप माझ्या पोरानं, पप्पूनं, मोठ्यानं वाचून दाखवला. पोराचं वय पन्नाशीचं, पतसंस्थेचा संचालक, फ्लेक्सवर नावाच्या आधी कार्यसम्राट, आणि आमचं महाळुंगे गाव हाक मारतं पप्पू. त्याच्या बायकोनं, वृषालीनं, लगेच देवाला हात जोडले. मी म्हणलं, "अगं, त्याला कशाला मधी घेतीस? त्यो सोताच काळा हाय."

नॅचरल म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं होतं. माझी नात समृद्धी रंगानं माझ्यावर गेलीय. नाकीडोळी तरतरीत, मंचरला लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी, आणि तोंडाला धार, तीही माझ्यावर गेलेली. तिला आजवर जेवढी स्थळं बघून गेली त्यांतलं एकही रंगावर बोललं नाही. बोलतील कशी? शिकलेली माणसं. एकानं नाडीचं कारण काढलं, एकाला उंची खुपली. आमच्यात पूर्वी पत्रिका कुणी उघडत नव्हतं. काळी पोरगी टाळायची पण तोंड वाईट करायचं नाही, ही सोय झाली तेव्हापासून घरोघर पत्रिका आल्या. गावोगाव पोरं चाळिशीला टेकलीत, शेती आहे म्हणून कुणी पोरगी देत नाही, रोज उठून हनुमानाला तेल घालतात. पण बायको मात्र दुधात बुडवून काढलेली पाहिजे.

कळंबचं स्थळ मोठं. डेअरी, बंगला, एकुलता एक पोरगा आदेश. वृषालीनं तर मनातल्या मनात रुखवत मांडून ठेवलं होतं. आणि समृद्धीलाही, ती बोलली नाही तरी, हे स्थळ नको होतं असं नाही. त्या पोराचा फोटो तिनं दोनदा मोठा करून बघितला, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आता नॅचरल फोटो काढायचा कसा? तेव्हा पुढं सरसावला आमचा ऋषी, समृद्धीचा थोरला भाऊ. पुण्यात कंपनीत आहे. दाढी राखलीय. त्याला जुन्या वस्तूंचं खूळ. आजोबांचा कंदील, बंद पडलेला रेडिओ, माझं पितळी चहाचं पातेलंसुद्धा नेऊन त्यानं भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांडून ठेवलंय. जुनं ते सोनं, असं येता-जाता म्हणतो, आणि मला महिनामहिना फोन करत नाही. मी काय नवी आहे का?

"आजी, आजोबांचा कॅमेरा कुठाय?" तो म्हणाला. "फिल्मवर काढू. फिल्म खोटं बोलत नाही."

कॅमेरा माझ्या ट्रंकेत होता. माझा दीर बोटीवर नोकरीला होता, त्यानं परदेशातून आणलेला. लोखंडी डब्यासारखा, पण अक्कलवान. त्यात रीळ गुंडाळत बसायचं नाही. रिळाची बंद डबी येते, ती टाकायची, झाकण लावायचं, खटका दाबायचा. ऊन किती, सावली किती, ते कॅमेरा स्वतः ठरवतो. आमच्या मालकांना म्हणून तर तो इतका आवडायचा. स्वतः काही ठरवायची त्यांना सवयच नव्हती.

पुढं त्या डब्या मिळेनाशा झाल्या. मालकही गेले. कॅमेरा ट्रंकेत पडला, तो वर्षातून एकदाच बाहेर यायचा, दसऱ्याला. दसऱ्याला माझ्या घरात चालणाऱ्या आणि एके काळी चालत असलेल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, फवारणीचा पंप, कडबाकुट्टी, मिक्सर. हळदकुंकू मी स्वतःच्या हातानं लावते. मालक गेले तेव्हा भावकीतल्या बायका कुजबुजल्या, की आता प्रयागबाईनं कुंकवाला हात लावू नये. मी म्हणलं, "का? ट्रॅक्टरचा नवरा मरतोय का?"

ज्याचं जिथं कपाळ तिथं लावायचं. ट्रॅक्टरचं कपाळ बॉनेट. मिक्सरचं कपाळ झाकण. कॅमेऱ्याला भिंगाच्या वर मधाच्या पोळ्यासारखी खडबडीत काचेची पट्टी आहे, ते त्याचं कपाळ. मालक होते तोवर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते धोतराच्या सोग्यानं ती पट्टी पुसून टाकायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नवरा आपण होऊन काही पुसतोय, त्यात विचारायचं काय? ते गेल्यावर पुसणारं कुणी राहिलं नाही. मी ओलं करून लावत गेले, ते वाळत गेलं, पुढच्या वर्षी त्यावर नवीन.

ऋषीनं कॅमेरा हातात घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नव्हते आले.

"थांब, पुसून देते," मी पदर पुढं केला.

"आजी, नको!" तो असा ओरडला की गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली. "जुन्या वस्तूला पुसायचं नसतं. हा जो काळपट-तांबूस थर आहे ना, याला पॅटिना म्हणतात. हाच तर जुनेपणाचा पुरावा."

"आमच्याकडं त्याला मळ म्हनत्यात," मी म्हणलं. पण इंग्रजी शब्दापुढं पदर मागं घेतला.

पुण्यात कुणीतरी रिकाम्या डबीत नवीन रीळ भरून देतो म्हणे. ऋषी अशा दोन डब्या भरून घेऊन आला आणि समृद्धीला त्यानं गोठ्यापाशी उभं केलं. वृषालीला बंगला आणि गाडी फोटोत हवी होती. ऋषी म्हणाला, गोठाच पाहिजे, गोठ्यात फील आहे. आम्ही बायकांनी ज्या गोठ्यातलं शेण उचलून कंबर मोडून घेतली त्यात फील होता, हे आम्हाला कुणी वेळेवर सांगितलंच नाही. समृद्धी उभी राहिली, मागं आमची चांदणी म्हैस. कपाळावर पांढरी चांदणी, डावं शिंग अर्ध्यात मोडलेलं, बाकी अंग डांबरासारखं. लख्ख दुपार. ऋषीनं खटका दाबला.

पुण्याहून रोल धुऊन फोटो आला तेव्हा घरात दिवाळी झाली. कागदावरही आला आणि फोनवरही आला. समृद्धी गोरीपान. नुसती गोरी नाही, तांदळाच्या पिठीतून काढल्यासारखी. वृषालीनं फोटोवरून बोटं ओवाळून कानशिलावर कडाकडा मोडली. पप्पू म्हणाला, "बघ आई, माणसाचा खरा रंग असा चांगल्या कॅमेऱ्यातच कळतो."

मी चष्मा लावला. "पोरगी ऱ्हाऊ दे बाजूला. ही मागं म्हैस कुनाची?"

"आपली चांदणी की."

"आपली चांदणी काळी हाय. ही चहात दूध सांडल्यावानी दिसती."

"आत्या, तो उजेड हाय," वृषाली म्हणाली. सासूला आत्या म्हणायची आमच्यात रीत आहे, आणि आत्याचं ऐकायचं नाही ही तिची.

समृद्धीनं फोटो हातात घेतला, बघितला, खाली ठेवला. "ही मी नाही," ती म्हणाली. "पाठवू नका."

"पाठवला," पप्पू म्हणाला. त्याचा अंगठा त्याच्या डोक्याच्या आधी पोचतो. पतसंस्थेतही तसंच आहे म्हणतात.

कळंबकडून तासाभरात उत्तर आलं. मुलगी पसंत, येत्या रविवारी येतो.

रविवारी मोठी गाडी लागली. पाव्हणे, म्हणजे आदेशचे वडील, उतरले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्यांच्या मागं त्यांची बायको रत्नाबाई. तोंडाला पावडरीचा असा थर, की घाम आला तो वाट शोधत खाली येत होता. शेवटी आदेश उतरला. पोरगा दिसायला बरा. आईची पर्स त्याच्या हातात होती.

पाव्हणे डेअरीवाले. ओट्यावर बसायच्या आधीच त्यांनी हात चोळले. "आदी ती भुरी म्हैस दावा राव! मी फोटो बगितला तवापास्नं म्हनतोय, ही जात आपल्याकडं न्हाई."

"कुठली भुरी?" पप्पू.

"ही काय." पाव्हण्यांनी फोन काढला.

पप्पू त्यांना गोठ्यात घेऊन गेला. मीही गेले, अशी मजा सोडायची नसते. पाव्हण्यांनी फोनकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. परत फोनकडं. पुढं होऊन मोडकं शिंग चाचपलं.

"शिंग तर तेच हाय."

"व्हय."

"कपाळावरचा चांदबी तोच. मग रंग कुठं गेला?"

"तवा धुतली असंल," पप्पू म्हणाला.

"म्हैस धुतल्यावर भुरी व्हती?"

"आमच्या हिरीचं पानी लई चांगलं हाय," आमचा कार्यसम्राट म्हणाला.

चांदणीनं शेपटी उचलली आणि आपलं मत दिलं. पाव्हणे मागं सरले.

ओट्यावर परत आलो तर आत पोह्यांच्या बशा वाजत होत्या. समृद्धी बाहेर आली. तिनं पावडर लावली नव्हती. वृषालीनं डबा घेऊन घरभर पाठलाग केला होता, तरी लावली नव्हती. तिनं रत्नाबाईंच्या हातात बशी दिली. रत्नाबाईंनी बशी घेतली आणि तिच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाल्या, "बरं, आता मुलीला बोलवा."

वृषालीनं पावडरीचा डबा पदराखाली सरकवला.

"हीच मुलगी," वृषाली म्हणाली.

"ही थोरली असंल. फोटोतली धाकटी कुठाय?"

"आमाला लेक एकच हाय."

रत्नाबाईंनी फोन बघितला, समृद्धी बघितली. मग नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. पाव्हणे म्हणाले, "मी तुला सांगनारच व्हतो. म्हशीचंबी असंच झालंय. म्हनं, धुतली व्हती."

"म्हैस धुतली व्हती म्हनता," रत्नाबाईंनी बशी खाली ठेवली, "पोरगीबी धुतली व्हती का? आमी मुद्दाम म्हणलं फिल्टर नको. ही फसवनूक हाय. आमची काय इज्जत हाय का न्हाई?"

पप्पूचा चेहरा पडला. त्याला दिसत होतं, की उद्या कळंबच्या बाजारात, परवा मंचरच्या आडतीवर, लोक बोलणार: महाळुंग्याचे लोक फोटोत एक दाखवतात आणि बशी दुसरीच्या हातात देतात. समृद्धी दाराला टेकून उभी होती. ती कुणाकडंच बघत नव्हती. आदेशच्या बशीतले पोहे मात्र संपत आले होते.

"फसवायला आमी तुमच्याकडं आलो न्हाई," मी म्हणलं. "नॅचरल पायजे, हे तुमीच बोललात. ऋषी, आन रं त्यो कॅमेरा. पावण्यांना दाव, त्यात फिल्टर कुठं बसतो."

ऋषी कॅमेरा घेऊन आला आणि भाषणाला उभा राहिला. फिल्म म्हणजे काय, डबी कशी बसते, यात काहीही बदलता येत नाही, हे यंत्र स्वतः उजेड मोजतं. उजेड कुठून मोजतं ते दाखवायला त्यानं भिंगाच्या वर बोट ठेवलं. बोटाला काहीतरी लागलं. त्यानं नखानं खरवडलं. नखात तांबडं आलं.

"आजी," त्याचा आवाज बारीक झाला, "इथं काय लावलंय?"

"हळदकुंकू. दर दसऱ्याला."

ऋषी ओट्याच्या पायरीवर बसला. "आजी, हा त्याचा डोळा आहे. ह्या काचेतून तो उजेड बघतो. ही झाकली की त्याला भर दुपारी अंधार वाटतो. मग तो पोटात हवा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड घेतो, आणि सगळं पांढरं पडतं. माणूस, म्हैस, सगळं."

आता सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. वृषालीची सगळ्यात आधी.

"बघता काय?" मी म्हणलं. "कपाळाला डोळा शंकराला आसतो, ह्ये मला ठावं हाय. परदेशातल्या डब्याला आसतो, ह्ये मला कुनी सांगितलं व्हतं? आन मी पुसायला गेले तवा कोन वरडलं? काय त्ये तुझं... पॅटिना."

रत्नाबाई हसायला लागल्या. आधी थोडं, मग खांदे हलवून. पाव्हणेही हसले. वाटलं, गाडं रुळावर आलं. हसून झाल्यावर रत्नाबाईंनी पदरानं डोळे टिपले, त्याबरोबर थोडी पावडर उतरली, आणि खालची कातडी समृद्धीपेक्षा एक छटा गडदच निघाली.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं. तुमचा हेतू वाईट नव्हता. पोरगी शिकलेली हाय, नोकरी करती. आमी मोठ्या मनानं घेऊ. फक्त..." त्यांनी आवाज मऊ केला. "आमच्या आदेशनं गोरीची आशा धरली व्हती. आता रंगाचं जे कमी पडतंय ते तुमी तुमच्या परीनं समजून घ्या. आमी काय तोंडानं मागनार न्हाई."

न मागता मागायची ही रीत मला माहीत आहे. आणि माझा पप्पू, माझ्या पोटचा, मान हलवायला लागला. त्या मानेला मी वाढवलंय. ती आडवी कधी हलतच नाही.

"थांब," मी म्हणलं. "समृद्धे, तुला हा पोरगा पसंत हाय का?"

समृद्धी दारापासून पुढं आली. "मला त्यांना एक विचारायचंय." ती आदेशकडं वळली. "तुम्हाला काय वाटतं? आईंना नाही, तुम्हाला."

आदेशनं बशी खाली ठेवली. आधी पोह्यांकडं बघितलं, मग आईकडं. "आई म्हणेल तसं," तो म्हणाला.

समृद्धीनं मान डोलावली, जशी ती लॅबमध्ये रिपोर्ट वाचून डोलावत असेल. "मला नाही पसंत," ती म्हणाली आणि बशा गोळा करायला लागली. आदेशची आधी उचलली. त्यात अजून दोन घास होते.

"अगं, असं..." पप्पू उठला.

"बस," मी म्हणलं. तो बसला. "वृषाली, रत्नाबाईंची वटी भर. सवाष्ण बाई माझ्या घरातनं मोकळी जाऊ द्यायची न्हाई."

वृषाली रडत रडतच गहू-नारळ घेऊन आली. खण ठेवला, कुंकू लावलं. मी आत जाऊन तो कागदावरचा फोटो आणला आणि रत्नाबाईंच्या ओटीत नारळाशेजारी ठेवला.

"ह्ये काय?" त्या म्हणाल्या.

"तुमी फोटोतली पसंत केली व्हती. ती तुमची. घिऊन जावा. गोरी हाय, खात न्हाई, उलटून बोलत न्हाई, आन उन्हात ठेवली तर अजून पांढरी व्हईल. आदेशला इचारायचं कामच न्हाई. म्हैस वर फुकट."

गाडी गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत तिची धूळ दिसत होती.

घरात दोन दिवस वृषाली भांडी आदळत होती. पप्पू म्हणाला, "आई, चांगलं स्थळ घालवलंस." मी म्हणलं, "मी न्हाई, तिनं घालवलं. मी फकस्त नारळ दिला." समृद्धी त्या रात्री थोडी रडली, लग्न मोडलं म्हणून नाही, आदेशचा फोटो दोनदा मोठा करून बघितला म्हणून, असं मला वाटतं. विचारलं नाही. सकाळी तिनं लॅबमधला कापूस आणि स्पिरिट आणलं आणि कॅमेऱ्याचं कपाळ, नाही, डोळा, पुसून काढला. सुई टोचायच्या आधी दंड पुसतात तसा. कापूस तांबडा होत गेला. ऋषीला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "सगळी पॅटिना गेली!" तिनं फोन ठेवला.

रिळाची दुसरी डबी शिल्लक होती. ह्या वेळी खटका मी दाबला. ती पुन्हा गोठ्यापाशी उभी राहिली, आणि नेमक्या त्याच क्षणी चांदणीनं लाथ झाडली. फोटो धुऊन आला तो असा: समृद्धी आहे तशी सावळी, सावळी कसली, काळी, डोळ्यांत जाळ, मागं वळून म्हशीकडं बघतेय, आणि म्हैस डांबरासारखी काळी. दोघी एकदम लखलखीत.

आता स्थळाला तोच फोटो जातो. वृषाली म्हणते, निदान म्हैस तरी कापा. मी कापू देत नाही. खाली समृद्धीनं स्वतः लिहिलंय: आधी म्हैस बघा, ती काळी दिसत असेल तर फोटो खरा आहे.

बहुतेक ठिकाणांहून पत्रिका जुळत नाही असं कळतं. म्हशीची का पोरीची ते कळवत नाहीत.

परवा आळेफाट्याकडच्या एका पोराचा मेसेज आला. समृद्धीनं ओट्यावर बसून मला वाचून दाखवला. "फोटो मिळाला. तुम्ही म्हशीकडं रागानं का बघताय?"

तिनं लिहिलं, "तिनं लाथ मारली होती."

लगेच उत्तर आलं. "लागलं का?"

समृद्धी फोनकडं बघत राहिली. रंगाच्या आधी हे विचारणारा पहिलाच निघाला. तिनं काय लिहिलं ते तिनं मला वाचून दाखवलं नाही, फोन घेऊन आत गेली.

मी काही लगेच लग्न ठरवायचा नारळ आणायला सांगितला नाही. पोरगं बरं दिसतंय. पण त्याची आई अजून बोललेली नाही.